सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा...

"सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा." ही म्हण लहानपणापासून कानावर असते. आपण हसतो आणि सोडून देतो. पण धंदे तीन तऱ्हेचे असताना या तिघांना एका ओळीत का बसवलं असेल?

सोनाराकडे आपण आपलं सोनं देतो, शिंप्याकडे आपलं कापड. कुलकर्ण्याच्या दप्तरात आपल्या जमिनीची नोंद. तिन्ही ठिकाणी वस्तू आपली आणि हात दुसऱ्याचा. घट म्हणून किती सोनं गेलं, कातरणात किती कापड गेलं, ते आपल्याला कळत नाही. म्हणीने मात्र राग काढला तो जातींवर, आणि तो अन्यायच. मुद्दा जातीचा नाही, हवाली केलेल्या मालाचा आहे.

आमचं झरी परभणी तालुक्यात. या भागात तरी शिंप्याला नावं ठेवताना जपायला हवं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. त्या वर्षी 1 मेला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नामदेव शिंपी होते, आणि त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

जुन्या गावगाड्यात शिंप्याची गणती बहुतेक याद्यांमध्ये अलुतेदारांत होते. काम बेताचंच असे, कारण धोतर, लुगडं, पागोटं, उपरणं यांना शिवण लागतच नाही. उरली बंडी, अंगरखा, चोळी. मोबदल्यात सुगीचं धान्यही असे. शिंपी आणि गिऱ्हाईक एकाच गावात जन्मभर राहणारे, त्यामुळे कपडा बिघडला तर दोघांनाही तोंड चुकवता येत नसे.

मग यंत्र आलं. अमेरिकेत आयझॅक सिंगरने 1851 मध्ये आपल्या शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या कंपनीची यंत्रं हप्त्यांवर आपल्याकडेही मिळू लागली. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या यंत्राला अपवाद मानलं होतं. पुढे कोलकात्यात तयार झालेलं 'उषा' घरोघरी गेलं.

यंत्रामुळे शिवणं झपाट्याने होऊ लागलं. माप घेणं आणि कापणं मात्र माणसाच्याच हातात राहिलं. मोठ्या दुकानांत कामं वाटली गेली. मास्टर माप घेणार आणि कापणार, कारागीर नगावर शिवणार. ज्याने तुमचं अंग पाहिलं तो शिवत नाही, आणि जो शिवतो त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही. दोघांमध्ये दुवा काय, तर वहीतले चार आकडे. त्यात 1956 च्या कायद्याने कापड वारावरून मीटरवर गेलं, पण टेप अजून इंचातच बोलतो!

हे सगळं मला कळलं ते एका पॅन्टमुळे. मामांनी लग्नात आहेर केलेला पॅन्टपीस मी एका दुकानात शिवायला टाकला. दिवाळीच्या आधी देतो म्हणाले. चार वेळा "उद्या या की" ऐकलं. दिवाळी गेल्यावर पॅन्ट मिळाली, ती घोट्याच्या वर. खाली सोडायला दुमडही ठेवली नव्हती.

"मास्टर, माप तर तुम्हीच घेतलं होतं."

"कारागिराकडून झालं. शिलाई देऊ नका, मग तर झालं?"

माणूस उद्धट नव्हता. पण शिलाई माफ झाली, कापडाचं काय? मामा त्यानंतर वर्षभरात गेले. ते कापड आता कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणजे शिंप्याकडे आपण दोन गोष्टी देतो, मजुरी आणि माल. वाद झाला की हिशोब फक्त मजुरीचा होतो. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटीही तक्रारीचा विषय केली. 2020 पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात माणूस स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. सोय चांगलीच आहे. पण झरीहून परभणीला एका पॅन्टसाठी कोण हेलपाटे घालणार? आणि पावतीवर कापडाची किंमत लिहून घेतो कोण?

रेडिमेडची सरशी निव्वळ फॅशनमुळे झाली, असं मला म्हणूनच वाटत नाही. तिथे आपण आपलं काहीच कोणाच्या हवाली करत नाही. घालून बघायचं, नाही बसलं तर ठेवून द्यायचं. म्हणीतली भीतीच संपली.

पण आहेरात अजूनही पॅन्टपीस येतात. ट्रंकेत पडून राहतात. कापड देणाऱ्याची माया त्यात असते, म्हणून टाकवतही नाहीत आणि शिवायला द्यायचा धीरही होत नाही. माझ्याकडे सध्या असे सहा आहेत. तुमच्याकडे किती?