तक्रार एक, भाषा दोन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते याच सीमाभागात मराठी शिकवीत आणि बाजारात कानडी बोलत. त्यांच्या पिढीला यात काही विसंगती वाटत नसे. आज वाटते. ती का वाटू लागली, हा प्रश्न इतिहासाचा एक अभ्यासक या नात्याने मी आपल्यापुढे मांडणार आहे. सीमावादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. समूहावरील निष्ठा तीव्र झाली म्हणजे एकाच गावात राहणाऱ्या माणसांचे परस्परांशी बोलणे कसे खुंटते, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. समूहनिष्ठा हा मुळात दुर्गुण नव्हे. चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून याने माणसांना एकत्र बांधणाऱ्या या भावनेस 'असबिय्या' असे नाव दिले आणि राज्ये तिच्याच बळावर उभी राहतात असे प्रतिपादन केले. मराठी माणसाचे मराठीवर आणि कन्नड माणसाचे कन्नडवर प्रेम असणे स्वाभाविकच आहे. अडचण निर्माण होते ती काय सांगितले याआधी कोणी सांगितले हे पाहिले जाऊ लागते तेव्हा.

दोन भाषा शेजारी नांदल्याने संवाद तुटतो असे मानण्यास आपल्या भागाचा इतिहास आधार देत नाही. आपण घरात ज्यांना अण्णा आणि अक्का म्हणतो, ती संबोधने कानडीतही तशीच आहेत. संतांनी पंढरीच्या विठ्ठलाला 'कानडा' म्हटले, आणि त्यामुळे कोणाची भक्ती कमी झाली नाही. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई. टिळकांचे अनुयायी गंगाधरराव देशपांडे मराठी घरातले. परंतु लोकांनी त्यांना 'कर्नाटक सिंह' ही पदवी दिली. १९२४ साली बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जे काँग्रेस अधिवेशन भरले, त्याची उभारणी याच गंगाधररावांनी केली.

त्या अधिवेशनात हुयिलगोळ नारायणराव यांचे कर्नाटकाच्या उदयाचे गीत गायिले गेले. पुढे बावीस वर्षांनी, १९४६ साली, त्याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथून जोर आला. दोन्ही स्वप्ने एकाच नगरीत उच्चारली गेली. आपल्या भाषेत आपला कारभार चालावा, ही आकांक्षा दोहोंच्या मुळाशी होती. दुर्दैव हे की एका स्वप्नाचे श्रोते दुसऱ्या सभेला हजर नव्हते.

या आकांक्षेमागची तक्रार मात्र अधिक जुनी आहे, आणि येथे मी आपणांस थोडे मागे नेतो. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या मुलखाचा कारभार हाती घेतला, तेव्हा कचेरीची भाषा मराठी आणि लिपी मोडी होती. बेळगाव-धारवाडकडील सरकारी शाळांतही आरंभी मराठीचेच वर्चस्व होते. कानडी शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला, तर त्याला प्रथम परकी भाषा शिकावी लागे. आणि त्याच्या बापाला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. या अन्यायाविरुद्ध डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी आयुष्य वेचले आणि १८९० साली धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. हा इतिहास मराठी पाठ्यपुस्तकांत मला कधी आढळला नाही.

आता १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे चित्र पाहा. फाजल अली आयोगाच्या अहवालानंतर राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि उर्वरित जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार होऊन रक्त सांडले होते. पुढे हळूहळू कचेरीची भाषा कन्नड झाली. आज मराठी शेतकरी आपल्या जमिनीचा उतारा घेऊन वाचणारा शोधत फिरतो. १९८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधात जे आंदोलन झाले, त्यातही गोळीबारात माणसे मेली. हा इतिहास कन्नड पाठ्यपुस्तकांत विस्ताराने येत असेल असे मला वाटत नाही.

श्रोतेहो, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. एकोणिसाव्या शतकातील कानडी शेतकऱ्याच्या हातचा मोडी कागद आणि आजच्या मराठी शेतकऱ्याच्या हातचा कन्नड उतारा. तक्रार एकच आहे. ज्याच्या जमिनीचा तो कागद, त्यालाच तो वाचता येत नाही. वास्तविक या दु:खाचा अनुभव असलेली माणसे परस्परांना सर्वांत लवकर समजून घेतील अशी अपेक्षा असावी. घडते ते उलट. आपले दु:ख दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले की ते दु:ख न वाटता डाव वाटतो. निष्ठेमुळे संवाद कसा बिघडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे बिघडणे तीन पायऱ्यांनी होते असे मला दिसते. पहिली पायरी म्हणजे शब्दांचे झेंडे होणे. या शहराला बेळगाव म्हणावे की बेळगावी, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष ठरतो आणि पुढचे वाक्य कोणी ऐकत नाही. २०१४ च्या जुलैत येळ्ळूर गावाच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' असा उल्लेख असलेला फलक पाडला गेला आणि त्यावरून लाठीमार झाला. २००५ साली बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा बेंगळूरला गेलेल्या महापौरांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि पुढे महापालिकाच बरखास्त झाली. ठराव चूक की बरोबर, हा वादाचा विषय होऊ शकला असता. पण वाद झालाच नाही.

दुसरी पायरी म्हणजे अर्धेच वाचणे. १९६७ चा महाजन अहवाल घ्या. कर्नाटकाने तो अंतिम मानला, महाराष्ट्राने फेटाळला. सभांतून या दोनच घोषणा ऐकू येतात. परंतु याच अहवालाने बेळगाव म्हैसूरकडे ठेवताना निपाणी व खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचविले होते. म्हणजे अहवाल मान्य करणाऱ्याला निपाणी सोडावी लागते आणि फेटाळणाऱ्याला ती मागण्याचा एक आधार गमवावा लागतो. हे अडचणीचे अर्धे पान दोन्हीकडचे वक्ते उलटत नाहीत.

तिसरी पायरी सर्वांत घातक. समूहाच्या आतले बोलणेच थांबते. मराठी मुलाने व्यवहारापुरती कन्नड उत्तम शिकावी असे कोणी म्हटले, की त्याला फितूर ठरविले जाते. मराठी अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी सूचना मिळाव्यात असे कन्नड गृहस्थाने म्हटले, की त्याच्याकडेही तसेच पाहिले जाते. मनातले बोलता येत नाही म्हणून मतभेद नाहीसे होत नाहीत; ते गटबाजीच्या रूपाने बाहेर पडतात. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि त्या वेळी, तसेच २०२३ मध्येही, समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही.

हा रोग आपल्यापुरता नाही. बेल्जियममधील लूवेनचे विद्यापीठ शेकडो वर्षांचे. १९६८ साली डच आणि फ्रेंच भाषकांच्या भांडणात ते दुभंगले. पुढे ग्रंथालयाच्या वाटणीत सम क्रमांकाची पुस्तके एकीकडे आणि विषम क्रमांकाची दुसरीकडे गेली. एकाच ग्रंथाचे खंड वेगळे झाले. न्याय झाला, वाचणे मात्र अवघड झाले.

पण आपल्याच भूमीत याहून वेगळा धडाही आहे, आणि तो निपाणीने दिला आहे. येथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर संघटना बांधली. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडविला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले. सीमावादाने पोळलेल्या या पट्ट्यात माणसे इतक्या संख्येने एकत्र बसली, कारण बोलण्याचा विषय तंबाखूचे वजन आणि भाव हा होता. काट्यावर ठेवलेला माल कोणत्या भाषेत मोजला यावरून त्याचे वजन बदलत नाही. ज्या गोष्टीची खातरजमा दोघांनाही करता येते, तीवर दोघांनाही बोलता येते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सीमेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने करावयाचा आहे. महाराष्ट्राने २००४ साली तेथे दावा दाखल केला. निकाल कोणताही लागो, त्यानंतरही शेजारी तेच राहणार आहेत. तोवर मोजता येतील असे प्रश्न आधी घ्यावेत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेले तत्त्व आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. ही मागणी अक्कलकोट आणि जत येथील कन्नड मुलांसाठी आपण जेवढ्या ठासून करू, तेवढीच ती खानापूरच्या मराठी मुलांसाठी ऐकली जाईल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ सुळेभावी-बाळेकुंद्री मार्गावरील बसमध्ये भाषेवरून वाद होऊन वाहकाला मारहाण झाली, आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. सुळेभावी म्हणजे कुमार गंधर्वांचे जन्मगाव. त्यांची घरची भाषा कानडी होती, आणि मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गुरुजींच्या नावाला साजेसे एक काम मी तुमच्यावर सोपवितो. मराठी मुलांनी डेप्युटी चन्नबसप्पांचे चरित्र मिळवून वाचावे, आणि कन्नड शाळेतल्या आपल्या मित्रांना १९५६ व १९८६ साली काय घडले ते शांतपणे सांगावे. आधी वाचावे, मग सांगावे. हा क्रम मोडू नये.