पायाची कमान: पोलादी पट्टी ते एमसीआर चप्पल

मी शिरूरचा, नोकरी खराडीत, दिवसभर कोड लिहितो आणि पहाटे पळतो. आजचा भाग बुटात घालायच्या इन्सोलवर आहे. दुकानात पाकिटात मिळतं ते नाही, पायाचं माप घेऊन बनवतात ते. ऑर्थोटिक म्हणतात त्याला. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय काढलंस? सांगतो.

आमच्या शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण इथून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगाव भीमाला पोचली. अंतर साधारण ४० किलोमीटर. पुढं दिवसभर लढाई. त्या लढाईवर भरपूर बोललं जातं. मला मात्र पळणारा माणूस म्हणून त्या रात्रीचंच नवल वाटतं. मॅरेथॉनला दोन किलोमीटर कमी, तेही खांद्यावर बंदूक घेऊन! सैन्य म्हणजे आधी पाय. त्यामुळे पुढं जगभरच्या सैन्यांनी भरतीच्या पोरांचे तळवे बघायला सुरुवात केली, आणि ज्याच्या तळव्याला कमान नाही त्याच्या कागदावर शेरा पडू लागला: सपाट पाय.

हा शेरा आजही पडतो. दौंडला माझं आजोळ आहे. तिथं राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे भरतीचं वारं कायम. पहाटे मैदानावर गेलात तर कुणी १६०० मीटरचा टायमिंग लावतोय, कुणी राखीव दलासाठी ५ किलोमीटर मारतोय. माझा मामेभाऊ त्यातलाच. त्याला लष्करात जायचंय. ओल्या पायानं फरशीवर उभा राहिला की अख्खा तळवा उमटतो. मी इन्सोल घालतो हे कळल्यावर त्यानं विचारलं, "दादा, मी पण ते घातलं तर मेडिकलपर्यंत कमान येईल का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी शंभराहून जास्त वर्षं मागं गेलो.

१८८० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये रॉयल व्हिटमन नावाच्या हाडांच्या डॉक्टरनं सपाट पायासाठी धातूची पट्टी बनवली. ती मऊ नव्हती आणि असावी असा इरादाही नव्हता. पाय आत कलला की कडा टोचायची, मग माणूस आपोआप पाय सावरून धरायचा. थोडक्यात, मास्तरची छडी बुटात. पुढं १९०४ मध्ये शिकागोच्या विल्यम शोल यांनी कमानीला आधार देणारं आपलं उपकरण बाजारात आणलं, आणि डॉक्टरच्या खोलीतला विषय चपलांच्या दुकानात गेला. कॅलिफोर्नियात मर्टन रूट यांनी १९५०-६० च्या काळात याला भूमितीच दिली: पायाची एक 'तटस्थ' स्थिती धरायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर कडक प्लास्टिकचं इन्सोल घडवायचं. १९७० नंतर अमेरिकेत पळण्याची लाट आली आणि ही विद्या धावपटूंकडे आली. या सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: पायाचा एक बरोबर आकार असतो आणि तुमचा तसा नाही.

पण सैन्यातूनच याला पहिला मोठा धक्का बसला. दुसऱ्या महायुद्धात हॅरिस आणि बीथ या दोघांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासले. १९४७ च्या त्यांच्या अहवालात स्पष्ट आहे की कमान खाली असणं हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नाहीच. त्रास कुणाला? ज्याचा पाय ताठ आहे, हलत नाही, त्याला. किंवा ज्याच्या पोटरीचा स्नायुबंध आखूड आहे, त्याला.

आपल्याकडचं एक संशोधन तर मला फारच आवडतं. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के! ज्या पोरांना आपण गरीब म्हणून हळहळतो, त्यांच्या पायाला कमान जास्त.

अनवाणी म्हटल्यावर पुणं आठवायलाच हवं. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा आले होते. लांबच्या शर्यतीत खेड्यातली पोरं अनवाणी पळताना त्यांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहिल्या, आणि भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवायचं ठरलं. १९२० च्या अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत. तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्यापेक्षा लांब. त्या अनवाणी पोरांच्या कमानी कुणी मोजल्या नव्हत्या.

मग इन्सोल थोतांड आहे का? नाही. इथं गोष्टीचा दुसरा धागा येतो, आणि तो आपल्या देशातला आहे.

१९४६ मध्ये डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या तळव्यांना जखमा व्हायच्या, आणि लोक म्हणायचे की रोगानं पाय सडतो. ब्रँड यांनी दाखवून दिलं की खरं कारण वेगळं आहे. संवेदना गेल्यामुळे माणूस एकाच जागेवर दाब देत राहतो, दुखत नाही म्हणून पाय हलवत नाही, आणि तिथलं मांस मरतं. मग उपाय काय? दाब पसरवा. मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल करा. हीच एमसीआर चप्पल, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबरची. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती आजही देतात. शुगर असलेल्यांनाही तीच सांगतात. दौंडच्या मामींच्या पायात आहे.

फरक लक्षात घ्या. व्हिटमन पायाला सरळ करायला निघाले होते. ब्रँड पायाला काही शिकवत नव्हते, फक्त भार वाटून देत होते. माझ्या बुटातलं इन्सोल दिसतं व्हिटमनसारखं, पण काम करतं ब्रँडसारखं. मला नडगीच्या आतल्या बाजूला दुखायचं. फिजिओनं इन्सोल दिलं आणि सांगितलं, "याने कमान तयार होणार नाही. दुखऱ्या जागेवरचा भार थोडा दुसरीकडे जाईल, एवढंच." पण दुसरीकडे गेलेला भारही कुणीतरी उचलायचा असतो ना! म्हणून ते सवयीनं घालायचं. बुटातलं आधीचं सोल काढून टाकायचं, नाहीतर टाच वर येऊन निसटते. पहिल्या दिवशी एक तास, तोही घरात. रोज थोडं वाढवायचं. सुरुवातीला कमानीखाली खडा आल्यासारखं वाटतं, पोटरी बोलायला लागते. दोन आठवड्यांनी मी पहिल्यांदा त्यावर पळालो, दीड किलोमीटर, आणि रस्त्याच्या उतरत्या कडेवर नाही तर सपाट जागी, कारण कडेला पाय आधीच तिरका पडतो. बधिरपणा आला किंवा फोड आला तर ओढत न्यायचं नाही, परत जाऊन घासून घ्यायचं.

मापाचंच महाग हवं का? अमेरिकी सैन्यानं तळव्याचा आकार बघून नव्या जवानांना बूट वाटून पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. उलट कॅलगरीच्या बेन्नो निग यांच्या गटानं २०६ सैनिकांना सहा प्रकारची इन्सोल दिली आणि आरामदायी वाटेल ते निवडा म्हणाले. निवडी सगळ्यांच्या वेगवेगळ्या निघाल्या, आणि दुखणी कमी झाली.

आता मामेभाऊ. त्याला मी सरळ सांगितलं, इन्सोल बुटात आहे तोवरच त्याचं काम, आणि मेडिकलला बूट काढून उभं राहायचं असतं. विशीत त्यानं कमान येत नाही. पण दुसरी गोष्टही सांगितली. लष्कराच्या अधिकारी भरतीच्या निकषांत लिहिलंय की चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, चवड्यांवर नीट पळता येत असेल, पाय लवचिक आणि न दुखणारा असेल, तर उमेदवार चालतो. ताठ सपाट पाय चालत नाही. हॅरिस आणि बीथ यांनी हाच फरक सांगितला होता. जवान भरतीच्या आणि केंद्रीय पोलीस दलांच्या जाहिरातीत मात्र 'सपाट पाय नसावा' एवढंच छापतात, आणि पोरं ते वाचून घरी बसतात किंवा हजारो रुपयांचं इन्सोल घेतात.

तो तिथंच ओट्यावर चवड्यांवर उभा राहिला. कमान दिसली. आता इन्सोलसाठी जमवलेल्या पैशांत आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं आणि चवड्यांवर उभं राहून तपासा असं आपण होऊन सांगायचं, असं आमचं ठरलंय.

पुढच्या भागात भेटू.