लडलो संप (१९१३–१४)

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागातील कोळसा खाणकामगारांचा संप. २३ सप्टेंबर १९१३ रोजी तो सुरू झाला आणि डिसेंबर १९१४ मध्ये कामगारांच्या पराभवाने संपला. लडलोच्या हत्याकांडामुळे हा संप लक्षात राहिला, पण त्याचे मूळ कारण त्या रक्तपाताआड झाकले गेले. भांडण केवळ मजुरीच्या दराचे नव्हते. खाणवस्तीत सत्ता कोणाची, हा खरा प्रश्न होता. ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या संघटनेच्या सात मागण्यांत दरवाढ होतीच. तिच्या जोडीला आठ तासांचा दिवस, छताला टेकू देणे व रूळ टाकणे अशा कामांचा मोबदला, वजनावर लक्ष ठेवायला कामगारांनी निवडलेला माणूस, आणि दुकान, घर व डॉक्टर निवडण्याची मोकळीक होती. मजुरी टनावर मिळे. कामगार खाली अंधारात डबा भरी, आणि त्याचे वजन वर कंपनीचा माणूस कंपनीच्या काट्यावर करी. मापात पाप झाले तर दाद कुठे मागायची? घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, पहारेकरी कंपनीचे, आणि शेरीफही बहुधा तिच्याच मर्जीतला. टेकू लावण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नसत, म्हणजे स्वतःचा जीव सांभाळायचा तो पोटाला चिमटा घेऊन. १९१० या एका वर्षात या भागातील तीन स्फोटांत दोनशेहून अधिक कामगार मेले होते. यातल्या कित्येक मागण्या राज्याच्या कायद्यात आधीच मान्य झालेल्या होत्या. कायदा पाळा, एवढे म्हणण्यासाठी संप करावा लागला, यातच त्या वस्त्यांचे स्वरूप कळते.

मालकांची बाजू तत्त्वाची म्हणून मांडली गेली. ‘कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न’ या सर्वांत मोठ्या कंपनीवर रॉकफेलर घराण्याचे नियंत्रण होते. संघटनेत न जाता काम करण्याचे कामगाराचे स्वातंत्र्य आपण जपत आहोत, अशी साक्ष धाकट्या जॉन रॉकफेलर यांनी एप्रिल १९१४ मध्ये संसदीय समितीपुढे दिली. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण संघटनेत जाऊ पाहणाऱ्याला ते स्वातंत्र्य नव्हते. त्याची नोकरी जाई आणि नोकरीबरोबर घरही. संप पुकारताच हजारो कुटुंबे चुली, गाद्या, लेकरे गाड्यांवर घालून भर पावसात आणि बर्फात बाहेर पडली, ती संघटनेने उभारलेल्या तंबूंत राहायला. लडलोच्या छावणीत सुमारे बाराशे माणसे होती, आणि त्यांत ग्रीक, इटालियन, स्लाव्ह, मेक्सिकन असे नाना भाषांचे लोक होते.

संपकऱ्यांकडेही बंदुका होत्या आणि त्यांनीही माणसे मारली, हा आक्षेप खरा आहे. तो टाळता येत नाही. मात्र क्रम पाहायला हवा. ऑक्टोबर १९१३ मध्येच कंपनीने आणलेल्या खासगी पहारेकऱ्यांनी मशीनगन बसवलेल्या चिलखती मोटारीतून फोर्ब्स येथील संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळीबार केला होता. अशा गोळ्यांपासून बचावासाठी लोकांनी तंबूंखाली खड्डे खणले. राज्याने संपाच्या भागात धाडलेले बहुतेक सैनिक राज्याची तिजोरी आटल्यावर परत गेले, आणि उरलेल्या तुकड्यांत खाणींचे पहारेकरीच गणवेश घालून भरती झाले. २० एप्रिल १९१४ रोजी दिवसभर गोळीबार झाला, संध्याकाळी छावणी पेटली, आणि अशाच एका खड्ड्यात दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. छावणीचा पुढारी लुई टिकास पकडला गेल्यावर गोळ्या घालून मारला गेला. त्यानंतरच्या दहा दिवसांत चिडलेल्या संपकऱ्यांनी खाणींवर हल्ले केले, आणि अखेर अध्यक्ष विल्सन यांना संघराज्याचे सैन्य धाडावे लागले.

न्यायालयातही सत्तेचे पारडे कुठे झुकते होते ते दिसले. लष्करी न्यायालयाने सैनिकांना मोकळे सोडले. टिकास यांच्या डोक्यात बंदूक घालणारा अधिकारी नाममात्र समज घेऊन सुटला. याउलट संघटनेचे नेते जॉन लॉसन यांना १९१५ मध्ये जन्मठेप झाली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९१७ मध्ये रद्द केली. रॉकफेलर यांनी १९१५ मध्ये कंपनीअंतर्गत कामगार प्रतिनिधींची योजना आणली. तिच्यामुळे घरे व तक्रार-व्यवस्था काहीशी सुधारली, हे मान्य करावे लागते. परंतु संघटनेला मान्यता नव्हती. प्रतिनिधी बोलू शकत, भाग पाडू शकत नसत. ती मान्यता या कंपनीच्या खाणींत १९३३ मध्ये मिळाली, आणि कंपनीच्या ताब्यातल्या अशा संघटनांना १९३५ च्या वॅग्नर कायद्याने बंदी घातली.