दूरच्या पल्ल्याचे धावपटू आणि त्यांचा वेग

मॅरेथॉन म्हटली की दम, चिकाटी आणि सोशिकपणा हे शब्द ओठांवर येतात. वेग हा शब्द मात्र शंभर मीटर धावणाऱ्यासाठी राखून ठेवण्याची आपली रीत आहे. ही समजूत कितपत खरी, याची साक्ष इतिहासाने दिलेली आहे, आणि तिचा आरंभ गोव्याच्या शेजारच्या बेळगावातच होतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, आणि भारताने ऑलिंपिकला जावे हा विचार त्यांच्या मनात रुजला. त्यातूनच 1920 मध्ये भारताचा पहिला संघ बेल्जियममधील अँटवर्पला गेला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. 42.75 किलोमीटरची ती मॅरेथॉन त्यांनी 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी केली व एकोणिसावे स्थान मिळविले. हिशेब केला तर दर चारशे मीटरला सुमारे 96 सेकंद पडतात.

ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेन यांनी. त्यांना दर चारशे मीटरला सुमारे 86 सेकंद लागले. पण हा गृहस्थ केवळ दमाचा धनी नव्हता. आठ वर्षांपूर्वी, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, त्यांनी पाच हजार आणि दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. पाच हजार मीटरमध्ये त्यांचा प्रत्येक फेरा सरासरी 70 सेकंदांचा होता. ज्याला 70 सेकंदांचा फेरा साधतो, त्याला 86 सेकंदांची चाल म्हणजे राखून धावणे असते. पुढे 1952 मध्ये हेलसिंकीला चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये पटकावून हेच सिद्ध केले.

काळ पुढे गेला, तसा मॅरेथॉनचा वेगही वाढला. केनियाचे एलियुद किपचोगे यांनी 2022 मध्ये बर्लिनला 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. म्हणजे दर चारशे मीटरला सुमारे 69 सेकंद. कोलेमाइनेन यांनी विश्वविक्रम करताना बारा-साडेबारा फेरे ज्या वेगाने घेतले, त्याहून अधिक वेगाने किपचोगे शंभराहून अधिक फेऱ्यांइतके अंतर धावले! पेडणे महालातील हरमलच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी, वाळू घट्ट असताना, चारशे मीटर मोजून एखाद्या धडधाकट तरुणाने 69 सेकंदांत धावून पाहावे. बहुतेकांची छाती तेवढ्यातच भरून येईल. किपचोगे यांना मात्र ते जमले, कारण पाच हजार मीटरमध्ये त्यांचा फेरा 61 सेकंदांचा होता, आणि 2003 मध्ये ते त्या अंतराचे जगज्जेते होते.

यामागील कारण उघड आहे. माणूस आपल्या पराकाष्ठेच्या वेगाजवळ धावू लागला की स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरा पडत नाही आणि थकवा झपाट्याने वाढतो. मूळचा वेगच अधिक असेल, तर तीच चाल शरीराला हलकी वाटते. अर्थात नुसता वेग पुरत नाही. तो तासन्तास टिकविणारा दम वर्षानुवर्षांच्या सरावाने कमवावा लागतो.

भारतातही हे दिसून आले. 1978 मध्ये जालंधरला 2 तास 12 मिनिटांत मॅरेथॉन धावून चार दशकांहून अधिक काळ टिकलेला राष्ट्रीय विक्रम करणारे शिवनाथ सिंग हे 1974 च्या आशियाई स्पर्धेतील पाच हजार मीटरचे विजेते होते. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये 2015 साली 2 तास 38 मिनिटे 21 सेकंद, म्हणजे चारशे मीटरला 90 सेकंद अशी वेळ दिली. त्याच ललिताबाईंनी पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तीन हजार मीटर स्टीपलचेस 9 मिनिटे 19.76 सेकंदांत, अडथळे ओलांडीत, चारशे मीटरला 75 सेकंदांहून कमी वेळ घेत पुरी केली आणि अंतिम फेरी गाठली.

चौगुले यांच्यापाशी दम होता, जिद्द होती. कोलेमाइनेन यांच्यापाशी त्याखेरीज धावपट्टीवर कमावलेला वेग होता. दमाची देणगी आपल्या डोंगरकपारींत आणि माळरानांवर पूर्वीपासून आहे. ती असलेल्या मुलामुलींना कोवळ्या वयातच दूरच्या रस्त्यावर न लोटता आधी धावपट्टीवर वेग कमावू द्यावा, हाच अँटवर्पचा धडा आहे.