तांब्याचें माप

खोडाळ्याहून विहीगांवावरून कसाऱ्यास उतरणाऱ्या प्रवाशास थळ घाटाच्या पायथ्याशीं आगगाडीचा रस्ता लागतो. १८६५ सालीं हा लोहमार्ग इगतपुरीपर्यंत गेला. घाटाचा चढ सदतिसांत एक. म्हणून गाडीला मागून जादा एंजिनें जोडावीं लागतात. रुळांवरील तारेकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. विजेच्या शास्त्रांतील एक साधा पण खर्चाचा प्रश्न त्या तारेच्या इतिहासांत सांठविलेला आहे : अमुक इतका प्रवाह वाहून नेण्यास तांबें किती जाड हवें?

हा प्रश्न विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजगृह चालू केलें. दाब अवघा ११० व्होल्ट. त्यामुळें थोडें दूर जावयाचें म्हटलें कीं तांब्याचा खर्च डोईजड होई. त्याच्या आदल्याच वर्षीं विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढले लॉर्ड केल्विन, यांनीं या प्रश्नाचा नियम सांगितला होता. तार जाड केली तर भांडवलावरील व्याज वाढतें. बारीक केली तर उष्णतेच्या रूपानें फुकट जाणाऱ्या विजेची किंमत वाढते. हे दोन वार्षिक खर्च जेथें समान होतात, ती जाडी सर्वांत किफायतशीर. पदार्थविज्ञानाच्या प्रश्नाचें उत्तर असें वाण्याच्या खातेवहींत सांपडलें.

आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी धांवली, आणि १९३० पर्यंत ती वीज थळ घाट चढून इगतपुरीस गेली. दाब १५०० व्होल्ट, प्रवाह एकदिश. घाटांतील मालगाड्यांच्या एंजिनाची शक्ति सुमारें २६०० अश्वशक्ति होती. म्हणजे एकेका एंजिनास तेराशें अँपिअरांच्या आसपास प्रवाह लागे. एवढा प्रवाह पेलावयाचा म्हणून तारा जाड आणि उपकेंद्रें जवळजवळ ठेवावीं लागत. पुढें २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आली, आणि २०१६ सालीं मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील १५०० व्होल्टांचा काळ संपला. तेवढ्याच शक्तीला आतां ऐंशी अँपिअरांच्या आसपास प्रवाह पुरतो. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह सोळा-सतरा पट घटला, तर त्याच तारेंतील नासाडी पावणेतीनशें पटींनीं घटते. तांब्याचा प्रश्न दाबानें सोडविला तो असा.

वाटेल कीं प्रश्न कायमचा मिटला. परंतु विजेच्या रिक्षांनीं आणि सौरऊर्जेच्या बॅटऱ्यांनीं तो घराच्या दारांत परत आणिला आहे. माणसाचा हात लागण्याजोग्या जागीं दाब वाटेल तितका चढवितां येत नाहीं. म्हणून ४८ व्होल्टांसारखा बेताचा दाब पत्करावा लागतो, आणि प्रवाह मोठा होतो. शंभर अँपिअर वाहणारी, जातां-येतां मिळून चार मीटर लांबीची तांब्याची तार घ्या. तिचा आडछेद १६ चौरस मिलिमीटर असेल तर तिच्यांत सुमारें ४३ वॅट उष्णता होते. ४ चौरस मिलिमीटर असेल तर १७२ वॅट. तापलेल्या तांब्याचा विरोध आणखी वाढतो. तांबें वितळत नाहीं; आधीं त्यावरील आवरण वितळतें, आणि आगीला तेवढें पुरतें. सांधा सैल असेल तर उष्णता तेवढ्या एका ठिकाणींच कोंडते.

येथें केल्विनचा नियम एकटा पुरत नाहीं. बॅटरी दिवसांतून थोडाच वेळ पूर्ण भारानें चालत असेल, तर खातेवही बारीक तारेच्या बाजूनें कौल देईल. पण तार त्या थोड्या वेळांतच पेटते. म्हणून प्रथम तापण्याची मर्यादा पहावी, नंतर दाबांतील घट, आणि काटकसर सर्वांत शेवटीं.

घाटावरून वीज धांवूं लागल्यानंतरही आसपासच्या पाड्यांत दिवा लागण्यास कित्येक दशकें जावीं लागलीं. आज तेथें सूर्यावर चालणारा पंप आणि बॅटरी पोहोंचते आहे. रेल्वेच्या तारेची जाडी ठरविण्यास तज्ज्ञ होते. पाड्यावरची तार मात्र पुष्कळदां दुकानांत जी हातीं येईल ती घेतली जाते. तिचें माप सांगणारा माणूसही बॅटरीबरोबर तेथें गेला पाहिजे.