सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

‘जबाबदार व्यवसाय आचरण’ हा शब्दप्रयोग आता सरकारी कागदांतही रुळला आहे. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये या विषयाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती नऊ आहेत आणि ऐच्छिक आहेत. परदेशी निधीवर चालणारे प्रकल्प, त्यांचे व्यवस्थापक, त्यांच्या कार्यशाळा आणि अहवाल याच शब्दाभोवती फिरतात. आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुलेमुली अशा प्रकल्पांत नोकरी करू लागली आहेत. तेव्हा या शब्दाचा इतिहास तपासणे हे आपलेच काम आहे. मी इतिहासाचा शिक्षक. या इतिहासाला मी एकच प्रश्न विचारणार आहे. कामगाराच्या हक्काची जबाबदारी ज्या कागदावर लिहिली गेली, त्या कागदावर सही कोणाची होती?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामावर, घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार हाती धरणार नाही, म्हणून जास्त मजुरीचे ते खाते आपल्याला बंद. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आजोबांचे वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. साच्यावर पैसे जास्त मिळतात हे त्यांना ठाऊक होते. तिकडे जायला वाट नव्हती, एवढेच आजोबा सांगत.

१९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी साचेखात्यातल्या प्रवेशाचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर आग्रहाने मांडला. मालकांचे म्हणणे काय होते? ही बंदी आम्ही घातलेली नाही. अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकाने कामगाराकडे बोट दाखवायचे आणि कामगार पुढाऱ्याने ‘एकजूट फुटेल’ म्हणून गप्प बसायचे, अशी ही रीत होती. जबाबदारी वरून खाली घरंगळत आली आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच पायाशी येऊन थांबली. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, त्यामागे हाही अनुभव होता.

आता जगाकडे वळू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलाशी बसायचे, ही तिची रचना. परंतु कंपन्या देशांच्या सीमा ओलांडून मोठ्या झाल्या तेव्हा हे टेबल अपुरे पडले. १९७६ साली श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. १९७७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्रिपक्षीय जाहीरनामा काढला. संयुक्त राष्ट्रांत बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आचारसंहिता करण्याची खटपट वर्षानुवर्षे चालली आणि १९९२ साली ती सोडून देण्यात आली. मार्गदर्शन उरले, बंधन उरले नाही.

याच काळातले एक उदाहरण आपल्या विशेष अभ्यासाचे आहे. लिऑन सलिव्हन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर होते. दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी त्यांनी १९७७ साली काही तत्त्वे मांडली. पहिलेच तत्त्व असे की जेवणाच्या, स्वच्छतागृहाच्या आणि कामाच्या जागी वर्णभेद असू नये. ज्याने पाण्याचा वेगळा माठ पाहिला आहे त्याला या तत्त्वाचे मोल सांगावे लागत नाही. बारा कंपन्यांपासून सुरुवात झाली, पुढे संख्या शंभरावर गेली. सह्या कंपन्यांच्या होत्या. तिथल्या काळ्या कामगारांची सही नव्हती. कारखान्याच्या भिंतीआड माठ एक झाला, पण भिंतीबाहेर वर्णद्वेषी राज्य तसेच उभे होते. १९८७ साली खुद्द सलिव्हन यांनीच हा मार्ग अपुरा ठरल्याचे जाहीर केले आणि कंपन्यांनी त्या देशातून बाहेर पडावे असे आवाहन केले. हा प्रामाणिकपणा आजच्या किती प्रकल्प व्यवस्थापकांकडे आहे?

त्यानंतर खासगी तपासनिसांचा जमाना आला. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे सामाजिक जबाबदारीचे प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि २५० हून अधिक कामगार मेले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. १,१३४ माणसे मेली. त्या कारखान्यांच्याही सामाजिक तपासण्या झालेल्या होत्या.

या प्रेतांच्या राशीनंतर, मे २०१३ मध्ये, वेगळ्या जातीचा कागद जन्माला आला. ‘अकॉर्ड’ या नावाने तो ओळखला जातो. एका बाजूला दोनशेहून अधिक परदेशी कंपन्या, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी हे दोन जागतिक कामगार महासंघ व बांगलादेशातल्या युनियन्स. करार कायदेशीररीत्या बंधनकारक होता. कारभार पाहणाऱ्या समितीत कंपन्या आणि कामगार यांच्या जागा समसमान, आणि अध्यक्षस्थानी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा प्रतिनिधी. सुमारे १,६०० कारखान्यांची स्वतंत्र अभियंत्यांनी पाहणी केली. अहवाल कपाटात बंद न ठेवता प्रसिद्ध केले. दुरुस्तीला पैसा उपलब्ध होईल हे पाहण्याचे बंधन माल घेणाऱ्या कंपनीवर होते. धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला होता. दोन कंपन्या दुरुस्तीत कुचराई करतात म्हणून महासंघांनी २०१६ साली त्यांना हेगच्या लवादापुढे खेचले; त्यांपैकी एकीने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रकल्पाच्या व्यवस्थापनाचा खरा अर्थ इथे दिसतो. कार्यशाळा किती घेतल्या हे मोजणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे. वचन मोडणाऱ्याला जाब विचारण्याची सोय कागदातच आहे की नाही, यावर सारे ठरते.

तरीही अकॉर्ड इमारतीच्या सुरक्षिततेपुरता होता. वेतन त्यात नव्हते. आणि आपला जुना प्रश्न, धोट्याचा प्रश्न, तो कुठे होता? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भेदभावविरोधी करारात, म्हणजे १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात, वंश, वर्ण, लिंग, धर्म ही कारणे नावानिशी आहेत. ‘जात’ हा शब्द नाही. ‘सामाजिक मूळ’ हा आहे. संघटनेची तज्ज्ञ समिती त्यातच जात धरते. भारताने १९६० साली या करारास मान्यता दिली. पण कारखान्याच्या तपासणीचे जे नमुने माझ्या हाती आले, त्यांत भेदभावासमोर ‘नाही’ अशी खूण करून तपासनीस पुढे गेलेला दिसतो. कोणत्या लाइनवर कोण बसते, सुपरवायझर कोणत्या जातीचे, हे त्याने विचारलेच नाही.

जानेवारी २०२१ मध्ये तामिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात नाची अपॅरल या कारखान्यातील वीस वर्षांच्या एका दलित कामगार मुलीचा खून झाला. तिच्याच सुपरवायझरला या प्रकरणी अटक झाली. तिथली ‘तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन’ ही स्त्रियांच्या नेतृत्वाखालची, मुख्यतः दलित कामगार स्त्रियांची युनियन. तिने मेणबत्त्या लावून प्रकरण संपू दिले नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिने कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स हिच्याशी बंधनकारक करार केला. माल घेणाऱ्या एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या कंपन्याही त्यात बांधल्या गेल्या. लिंगाधारित हिंसेबरोबर जातीवरून होणारा भेदभावही या करारात आला. कामगार स्त्रियांमधूनच देखरेख करणाऱ्या स्त्रिया निवडल्या गेल्या. १९२८ साली जो शब्द संपाच्या मागण्यांत आणताना बाबासाहेबांना झगडावे लागले, तो शब्द दलित स्त्रियांच्या युनियनने आंतरराष्ट्रीय करारात लिहवून घेतला. कारण या वेळी कागदावर सही तिची होती.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न आज उसाच्या फडात उभा आहे. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, फिटेपर्यंत फड. साखर कारखाना म्हणतो, मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. साखर घेणारी कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते. बीडकडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, शासनाने समिती नेमली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही वेठ आणि कोका-कोला, पेप्सिको यांची साखर खरेदी यांचा संबंध जगापुढे मांडला. आता प्रकल्प येतील. यायलाच हवेत, निधी वाईट नसतो. पण १९२८ च्या मालकांचे उत्तर आजही शब्द बदलून तेच आहे, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

म्हणून फडात किंवा कारखान्यात असा प्रकल्प घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याने आधी चार प्रश्न विचारावेत. या कागदावर कामगारांच्या संघटनेची सही आहे काय? वचन मोडले तर दाद कुठे मागायची? खर्च कोणाच्या खिशातून जाणार? आणि जात हा शब्द त्यात लिहिला आहे काय? उत्तरे मिळाली नाहीत तर अहवाल लिहायची घाई करू नये. आधी ऊसतोड बायांची संघटना बांधावी. सही करायला हात लागतो, आणि सुटा हात कोणी मोजत नाही.