जीप तीच, इंजिन दुसरं

आमच्या ढाणकीत जीप दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. पेट्रोलची जीप गुणगुणत यायची, डिझेलची खडखडत. १९८०च्या दशकात मी शाळेत होतो. त्या काळात गुणगुणणाऱ्या जीपा एकेक करून खडखडू लागल्या. बॉडी तीच, मालक तोच, नंबर तोच. पोटातलं इंजिन मात्र दुसरं. ही अदलाबदल करणाऱ्या मिस्त्र्यांपैकी एक माझे मामू होते. सुटीत त्यांच्या हाताखाली पाने द्यायचं काम माझ्याकडे असे.

जीप ही मूळची अमेरिकेच्या विलिस कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी. तिचं इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, साठ अश्वशक्तीचं. युद्ध संपल्यावर ती शेतात आणि खेड्यात आली. भारतात ती आणली ती १९४५ साली निघालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीने. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आतला एक माणूस बदलला, पण बाहेरची ‘एम अँड एम’ ही अक्षरं कायम राहिली. मामूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, “मनजे कंपनीचंबी इंजिन बदललं होतं म्हना.”

आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेल्या जीपचं बोनट इतकं उंच का, हे कधी लक्षात आलंय? त्याचं कारणही इंजिनबदलच. १९५३च्या सुमारास विलिसने ‘हरिकेन’ नावाचं नवं इंजिन जुन्या सांगाड्यात बसवलं. या इंजिनाचे आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. त्यामुळे ते उंच झालं, जुन्या बोनटखाली मावेना. मग बोनटच उंच केलं. त्या गाडीचं नाव सीजे-३बी. हीच पुढे महिंद्राने दीर्घकाळ बनवली आणि हीच आमच्या बाजारात उभी असायची.

१९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल परवडेना. डिझेल त्याहून बरंच स्वस्त होतं. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही जोर धरतं. बिटरगावकडच्या जंगलातल्या वाटेवर, पावसाळी चिखलात, कापसाची बोंदरी लादून निघालेल्या गाडीला हाच जोर हवा असतो. कंपनीनेही पुढे प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन जीपला दिलं. पण नवी जीप घेण्याची ऐपत किती जणांची? जुन्या जीपवाल्यांनी दुसरा रस्ता धरला. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर तेव्हा रस्त्यावर आली होती. तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन असे. मोडीत निघालेल्या मॅटाडोरचं इंजिन आणायचं आणि जीपमध्ये बसवायचं.

आधी ते इंजिन पूर्ण खोलायचं. क्रँक घासून घ्यायची, त्या मापाचे बेअरिंग टाकायचे, सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून मोठे पिस्टन, नव्या रिंगा. पंप आणि नोझल तपासून घ्यायचे. खरं काम त्यानंतरचं. डिझेल इंजिन हवा वीसएक पटींनी दाबतं, जुनं पेट्रोल इंजिन सातच्या आसपास. म्हणून बॅटरी मोठी लागते, स्टार्टर दमदार लागतो. वजन वाढतं, तेव्हा पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचं. रेडिएटर मोठा हवा. आणि नव्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स जोडायला मध्ये लोखंडाची जाड प्लेट, लेथवर घडवलेली.

या प्लेटनेच मामूंना धडा शिकवला. एका शेतकऱ्याची जीप त्यांनी नजरेच्या अंदाजाने जुळवून दिली. पंधरा दिवसांनी त्याच जीपमधून रात्री एका बाळंतिणीला नांदेडला नेत होते. वाटेत गिअर अडकला, गाडी जागीच उभी. मागून एक ट्रक आला म्हणून बाई आणि बाळ दोघं वाचली. मामूंनी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा कळलं, प्लेटचं मध्य केसभर सरकलेलं होतं. प्रत्येक फेरीला शाफ्ट थोडा वाकडा फिरत होता, त्याने बेअरिंग खाल्लं होतं. मामू त्या घरी गेले, चूक माझी म्हणाले, काम फुकट करून दिलं. मग त्यांनी डायल गेज विकत घेतला. तो फ्लायव्हीलवर लावायचा, क्रँक हाताने फिरवायची आणि काटा किती हलतो ते पाहायचं. काटा हलला की प्लेट परत लेथवर.

हा खेळ फक्त गरिबीचा नव्हे. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने एसी या इंग्रज कंपनीच्या हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि ‘कोब्रा’ जन्मली. शेल्बी आधी कोंबड्या पाळत होता! पुढे १९६५ साली त्याला सात लिटरचं इंजिन घालायचं होतं, तेव्हा जुना सांगाडा पुरेना; नवा, भक्कम करावा लागला. तिकडे वेगासाठी, इकडे इंधनाच्या पैशासाठी, पण नियम एकच: इंजिन वाढवलं की त्याला धरणारं सगळंच वाढवावं लागतं.

आता तो काळ सरला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून सुटले, दोन्हींतलं अंतर कमी झालं. गाडीत बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याची बंधनं होतीच. उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मिस्त्री लोकांना हे जाचक वाटतं. मला मात्र ती नांदेडची रात्र आठवते, आणि कायद्यामागचं कारण पटतं.

मामूंनी त्या रात्रीनंतर स्वतःपुरता कायदा केला होता. कुणी घाई केली, “मामू, गाडी कवा देता?” असं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : “इंजिन बसलं मनजे काम झालं नाई. पयले शंभर किलोमीटर मी चालवीन, भरल्या गाडीनं. मंग तुमची.” मीही कविता लिहून झाली की लगेच छापायला देत नाही. ती आधी चार दिवस मोठ्याने वाचून पाहतो.